अंबूवन्संचा मसाला आणि शेळकेसरांचं संशोधन

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खंडोबाची आण घेऊन सांगते, आणि तेवढ्यानं तुमचं भागत नसेल तर एक अक्षर जरी खोटं निघालं तर ही माझी कवळी इथल्या इथं गिळून दाखवीन. आमच्या घरातली कार्टी म्हणतात, आजी प्रत्येक गोष्टीला तिखटमीठ लावते. लावते ना. तिखटाच्या घरात आयुष्य गेलंय माझं. पण तिखट लावलं म्हणून वांगं काही खोटं ठरत नाही.

तर फाल्गुनातली सकाळ होती आणि घोरपडेवहिनी आपल्या मिरच्या परत न्यायला आल्या होत्या.

"अंबूताई, राग मानू नका," त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या. "यंदा कांडून नको मला. पोतं तेवढं द्या माझं."

अंबूताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. मी त्यांना वन्सं म्हणायची. ऐन तिशीत नवरा गेला, तशा माहेरी आल्या, आणि कोपऱ्यात बसून राहायचं सोडून घरामागच्या शेडमध्ये मिरची कांडायचं यंत्र बसवून मोकळ्या झाल्या. कोरेवाडीत त्यांचा कांदालसूण मसाला नाही असं चूल पेटणारं घर नव्हतं. मसाला तरी कसला. एकदा वाळत घातलेल्या मिरचीवर एका कावळ्यानं चोच मारली, तर तो असा उडाला की दुपारी मिरज स्टेशनवर नळाखाली आ करून बसलेला आमच्या पोस्टमनला दिसला. ओळखला कसा ते विचारू नका, पोस्टमन सगळ्यांना ओळखतो. यंत्र सुरू असलं की रस्त्यावरनं जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला शिंक यायची, शिंकताना हात घंटीच्या दोरीवर पडायचा, नि गाडी आमच्या दारात थांबायची. रोज रोज थांबते म्हटल्यावर शेवटी सरकारनं तिथं स्टॉपच मंजूर केला.

अशा बाईच्या दारातनं घोरपडेवहिनी मिरच्या परत नेत होत्या. वहिनी म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचं पोतं गेलं की गावाची पोती गेली.

"झालं काय पण?" मी विचारलं.

त्यांनी पदराखालून एक गुलाबी कागद काढला. छापील पत्रक होतं. वर कुंकवाच्या करंड्याचं चित्र नि खाली मोठ्या अक्षरांत ‘कुंकुमश्री मसाला. शास्त्रीय संशोधनाने सिद्ध.’

"हौसा, तूच वाच," वन्सं म्हणाल्या. "माझे हात तिखटाचे आहेत."

मी वाचलं. मजकूर थोडक्यात असा, की मागल्या संक्रांतीला तालुक्याच्या मसाला कारखान्यानं आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवात बायकांना कुंकुमश्रीचे मोठे पुडे वाण म्हणून वाटले. यंदाच्या संक्रांतीला पुन्हा हळदीकुंकू झालं, तेव्हा कॉलेजातले प्राध्यापक शेळके यांनी पुडे नेलेल्या बायकांना प्रश्न विचारले. तर काय आढळलं? कुंकुमश्री वापरणाऱ्या घरांत वर्षभरात एकाही बाईचा नवरा दगावला नाही. शंभर टक्के सुखरूप. आणि त्याच वर्षात कोरेवाडी गावात मात्र अठरा कर्ते पुरुष वारले.

उरलेलं गाव कुणाचा मसाला खातं ते कागदावर नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

"घोरपडेवहिनी," वन्सं शांतपणे म्हणाल्या, "तुमचे मालक बारा वर्षं माझा मसाला खातायत. मेले का?"

"शुभ बोला की ओ अंबूताई. आधीच ह्यांचं ब्लडप्रेशर. मी काय तुमच्यावर आळ घेत नाही. पण शास्त्र म्हणतंय म्हटल्यावर..."

पोतं सायकलच्या कॅरिअरवर गेलं. त्यांच्यामागनं माळ्याची सून आली, मग सुतारीण, मग शाळेतल्या बाई. कुणी खाली मान घालून, कुणी उगाच माझ्या पोरांची चौकशी करत. दुपारपर्यंत शेड रिकामी. वन्सं उखळाच्या कडेला बसल्या आणि बंद यंत्रावरची धूळ झटकायला लागल्या. धूळ नव्हतीच.

"वासूभावजींचा निरोप आलाय," त्या म्हणाल्या.

वासूभावजी म्हणजे वन्संचे दीर, पुण्यात असायचे. माणूस वाईट नव्हता, पण वन्संनी एकटीनं यंत्र चालवावं हे त्यांना कधी पटलं नाही.

"काय म्हणतायत?"

"होळी झाली की येतो म्हणालेत. यंत्राला गिऱ्हाईक बघितलंय. वहिनी, आता पुरे झालं, पुण्याला या, घरात सहा माणसं आहेत, स्वयंपाकाला एक हात हवाच आहे." वन्सं थोड्या हसल्या. "हात हवाय त्यांना. हाताला चिकटलेली बाकीची मी चालवून घेतील."

"जाणार तुम्ही?"

"गिऱ्हाईक नसेल तर यंत्र काय देव्हाऱ्यात ठेवू? येत्या रविवारी मंडळाचा वर्धापनदिन आहे. शेळकेसरांचा सत्कार आहे, नि वर्षाचा मसाला सगळ्यांनी मिळून त्या कारखान्यातनंच आणायचा असा ठराव आहे. ठराव झाला की मी पेटी भरते."

मी सांडलेल्या मिरच्या वेचायला खाली वाकले. त्यांना वाटलं मला रडू येतंय. मला खरं तर राग आला होता, आणि राग आला की माझं डोकं फार छान चालतं.

दुसऱ्या दिवशी मी शेळकेसरांच्या घरी गेले. सर तरुण होते, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. शिकवायचे भूगोल, पण पीएचडीचं खूळ डोक्यात शिरलं होतं. लबाड असते तर माझं काम सोपं होतं. पण माणूस इतका सरळ की चहात साखर कमी पडली तर स्वतःच्या जिभेला दोष देणारा.

"या मानेवहिनी. बसा. पत्रक वाचलंत?"

"वाचलं की. म्हणूनच आले. मला पण संशोधन करायचंय."

"तुम्हाला? कशावर?"

"आमच्या वन्संच्या मसाल्यावर."

सरांना ठसका लागला. पण लगेच सावरले. "करा की. अवश्य करा. शास्त्राला सगळे सारखेच."

"मग जरा नियम सांगा त्याचे."

असं विचारायला आजवर त्यांच्याकडे कुणी आलं नसावं. त्यांचे डोळेच चमकले. खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "पहिलं म्हणजे, सगळ्यांना एकसारखाच प्रश्न विचारायचा. आपल्याला हवं ते उत्तर कुणाच्या तोंडात घालायचं नाही. आणि माणसं भरपूर पाहिजेत. पाच-दहा जणांवरनं काही ठरत नाही."

"भरपूर माणसं एका जागी मिळणार कुठं?"

"तीच तर युक्ती आहे वहिनी." ते आवाज खाली करून म्हणाले, जसं काही कारखानाच ऐकतोय. "दारोदार हिंडत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. मी हळदीकुंकवाचा दिवस धरला. सगळ्या बायका आपण होऊन येतात. मी दाराशी टेबल टाकलं नि येईल तिला विचारलं."

"सगळ्या येतात?"

"सगळ्या. घोरपडेवहिनींनी घरोघरी बोलावणं धाडलं होतं."

मी बशी खाली ठेवली. चहा अर्धा तसाच होता. "मग मीही तसंच करते. गावातले पुरुष जिथं आपण होऊन येतात तिथंच खुर्ची टाकते."

"उत्तम," सर म्हणाले. "मंडळाच्या कार्यक्रमात मांडा तुमचे निष्कर्ष. मी स्वतः वेळ मागून देतो तुम्हाला."

मी इतकी खूश होऊन बाहेर पडले की एका पायात माझी चप्पल नि एका पायात सरांचा बूट घालून घरी आले. सरांना कळलं तेव्हा मी ओट्यावर बसून शेंगा फोडत होते.

घरी आमचे हे जेवत होते. पोस्टात कारकून, बोलणं मोजकं.

"मी शनिवारी तालमीत जाणार आहे," मी सांगितलं.

ह्यांचा घास हातातच राहिला. "तालमीत बायका जात नाहीत."

"आत कुठं जातेय? उंबऱ्याबाहेर बसणार. शनिवारी मारुतीला तेल घालायला गाव लोटतं तिथं."

"काय करणार बसून?"

"संशोधन."

"बरं," हे म्हणाले आणि ताकाचं भांडं जवळ ओढलं. आमच्या संसाराची ही खासियत. मी काय करणार ते सांगायचं, ते बरं म्हणायचे.

वन्संना मात्र पटलं नाही. "हौसा, जगाला हसू करून घेऊ नकोस. आधीच लोक माझ्याकडं बघून अंग चोरतायत."

"वन्सं, रविवारी तुम्ही शाळेच्या हॉलात या फक्त."

"यायचंच आहे. चहा मीच करणार आहे तिथला. दरवर्षी करते."

शनिवारी सकाळी मी तालमीच्या दाराबाहेर खुर्ची टाकली. आतनं लाल मातीचा नि तेलाचा वास, दंड थोपटल्याचे आवाज. पहिले आले सदबा वस्ताद. सत्तरीचा माणूस, पण मान अशी की शर्टाची कॉलर रडायची.

"वस्ताद, दोन प्रश्न आहेत. अंबूताईंचा मसाला खाता का?"

"खातो की. त्याच्याबिगर भाकरी उतरत नाही."

"जिवंत आहात का?"

वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं, मग मारुतीकडं पाहिलं. "वहिनी, हे काय इचारणं झालं?"

"शेळकेसरांचा नियम आहे. सगळ्यांना सारखाच प्रश्न विचारायचा, नि उत्तर आपण तोंडात घालायचं नाही."

"मग लिवा, हाय. पहाटे उठताना वाटत नव्हतं, आता हाय."

बातमी आत गेली तशी तालीम बाहेर आली. अंगाला माती फासलेले पैलवान रांगेत उभे राहिले. एक म्हणाला, "मसाला खातो. जिवंत हाय का ते बायकोला इचारून सांगतो." एकजण म्हणाला, "सासुरवाडीत गेलो की नसतो, इतर वेळी हाय." बाबू न्हाव्याचे आजोबा काठी टेकत आले, त्यांना प्रश्न दोनदा ओरडून सांगावा लागला. "अजून तरी," ते म्हणाले, "पण जरा लौकर लिही बाई." पारावर बसलेली मंडळी, दूधवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, झाडून सगळे आले. कुणी एक नाही म्हणाला नाही.

शेवटी आमचे हे आले, तेलाची वाटी घेऊन.

"अंबूताईंचा मसाला खाता का?" नियम म्हणजे नियम, मी नवऱ्यालाही सोडलं नाही.

"खातो," हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रोज खातो, नि वर वाटीभर रस्सा पितो."

"जिवंत आहात का?"

"तुझ्याशी लग्न होऊनसुद्धा."

तालीम अशी हसली की मारुतीच्या अंगावरचा शेंदूर गळाला.

रविवारी शाळेचा हॉल भरून गेला. पुढं सतरंजीवर बायका, कपाळभर कुंकू, डोक्यात गजरे. मागं दारात नि खिडक्यांत पुरुष, कारण तालमीतली गोष्ट एव्हाना गावभर झाली होती. स्टेजवर शेळकेसर, घोरपडेवहिनी, हार, नारळ आणि कारखान्यानं पाठवलेला पेढ्यांचा मोठा खोका. शेजारच्या खोलीत वन्सं नि गोदाकाकू चहा करत होत्या. मधलं दार उघडंच होतं, तिथनं आल्याचा वास येत होता.

सर छान बोलले. हळदीकुंकवाचं टेबल, दोन प्रश्न, शंभर टक्के. टाळ्या पडल्या. चहाच्या खोलीत कपबश्यांचा आवाज थांबला होता. घोरपडेवहिनी ठरावाचा कागद घेऊन उठल्या, तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा वहिनी. मानेवहिनींनीही एक पाहणी केलीय. शास्त्राला दुसरी बाजू ऐकावी लागते."

मी माईकपाशी गेले. पदर खोचला.

"मी तालमीपुढं बसले आणि येईल त्या पुरुषाला सरांच्या नियमाप्रमाणं सारखे दोन प्रश्न विचारले. अंबूताईंचा मसाला खाता का, आणि जिवंत आहात का. माणसं भरपूर झाली. त्यात अंबूताईंचा मसाला खाणारे सगळेच्या सगळे जिवंत निघाले. शंभर टक्के. शोधून एकही मेलेला सापडला नाही."

हसू सुरू झालं. मी हात वर केला.

"हसू नका, शास्त्र आहे. तेव्हा सिद्ध असं झालं, की अंबूताईंचा मसाला खाल्ला की माणूस मरतच नाही. कुणाला शंका असेल तर विचारा."

पुरुषांकडनं शिट्टी आली. शेळकेसर मात्र गंभीर झाले. बिचारे उठून उभे राहिले. "वहिनी, माफ करा, पण यात फार मोठी चूक आहे."

"सांगा की सर."

"तुम्ही विचारलंत तालमीत. तिथं मेलेला माणूस येणार कसा तुम्हाला उत्तर द्यायला? जो गेला तो तिथं नसणारच. जे उरले त्यांनाच विचारलंत, तर सगळे जिवंतच निघणार. मग मसाला कुठलाही असो. तुम्ही जागाच अशी निवडलीत की जिथं गेलेल्याची गणती होऊच..."

आणि ते थांबले.

तोंड उघडंच होतं. हात हवेत. त्यांनी समोर बघितलं, पहिल्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत. कपाळामागून कपाळ, आणि प्रत्येक कपाळावर कुंकू.

"होऊच काय, सर?" मी हळू विचारलं.

सर घोरपडेवहिनींकडं वळले. "वहिनी, हळदीकुंकवाचं बोलावणं कुणाकुणाला धाडलं होतं?"

"सगळ्यांना. घरोघरी."

"म्हणजे घरातल्या कुणाला?"

"सवाष्णींना. आणखी कुणाला धाडणार?"

"मग मागल्या वर्षी जिनं पुडा नेला, आणि मधल्या काळात जिचे यजमान गेले, ती यंदा माझ्या टेबलाशी..."

"अहो, ती कशी येईल हळदीकुंकवाला," घोरपडेवहिनी म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्याही थांबल्या.

शेजारी चहाला उकळी फुटलेली ऐकू आली. आणि त्या दारातनं गोदाकाकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. पांढऱ्या केसांची बारकीशी म्हातारी, कपाळ मोकळं.

"माझ्याबद्दल चाललंय का?" त्या म्हणाल्या. "मी नेला होता की पुडा. वर्षभर तोच घातला आमटीला. फुकटचा होता ना."

"आणि काका?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ते गेले ज्येष्ठात. शहाऐंशीव्या वर्षी जांभळावर चढले. मी खालनं ओरडतेय, उतरा, उतरा. तर म्हणतात, वरची जास्त गोड आहेत." गोदाकाकूंनी ट्रे टेबलावर ठेवला. "गोड होती खरी. मूठभर आधी खाली टाकली होती माझ्यासाठी. आता त्यात मसाल्याचा काय संबंध? अंबूच्याही नाही नि त्या कारखान्याच्याही नाही."

मग एकेकीला आठवायला लागलं. तेल्याची थोरली. देशपांडेबाईंची जाऊ. दोघींनी पुडा नेला होता, दोघी यंदा नव्हत्या. "गिरजामावशीपण," कुणीतरी मागनं म्हणालं.

आणि एकदा झाकण उडालं म्हटल्यावर उतू जाणारं थांबतंय होय. सुतारीण उठली. "सर, तुम्ही मला विचारलं, मालक कसे आहेत. मी बरे आहेत म्हणाले. ह्यांचा पाय तेव्हा प्लास्टरात होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"संक्रांतीचा सण, तळहातावर तिळगूळ, तिथं नवऱ्याचं दुखणं काढू? काहीतरीच."

"आणि मी तर," माळ्याची सून लाजत म्हणाली, "पुडा फोडलाच नाही. भावजयीला देऊन टाकला. पण सासूबाई शेजारी होत्या, म्हणून वापरते म्हणाले."

शेळकेसर मटकन खुर्चीत बसले. मला वाटलं, झालं, आता हा पोरगा रडतोय. पण त्यांचे खांदे हलायला लागले ते हसण्यानं. आधी एकटेच हसले, मग घोरपडेवहिनी, मग अख्खा हॉल. डोळे पुसत ते माईकपाशी आले.

"मंडळी, शंभर टक्के आले म्हणून मी आठवडाभर हवेत होतो. ते येणारच होते. मी जिथं टेबल टाकलं होतं तिथं नवरा गेलेली बाई पोचूच शकत नव्हती. मसाल्याऐवजी विटेची पूड वाटली असती तरी शंभर टक्केच आले असते. हे पत्रक मी मागं घेतो. उद्या कारखान्यात जाऊन स्वतः सांगतो."

"म्हणजे कुंकुमश्री वाईट?" घोरपडेवहिनींनी विचारलं.

"तेही ठाऊक नाही."

"मग अंबूताईंचा चांगला?"

"त्याचंही या दोन्ही संशोधनांतनं काही कळत नाही," सर म्हणाले, आणि माझ्याकडं बघून हसले. "मानेवहिनींना ते आधीपासूनच माहीत होतं, असं मला वाटायला लागलंय."

मी माझा पदर नीट केला.

वन्सं दारात येऊन उभ्या होत्या. हातात चहाची किटली, कपाळावर घाम. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं, तशा म्हणाल्या, "उद्या सकाळी यंत्र सुरू करतेय. ज्यांना मरायचं असेल त्यांनी मिरच्या आणाव्या."

घोरपडेवहिनींनी ठरावाचा कागद दुमडला, आणखी दुमडला, नि सत्काराच्या हाराखाली सारला. सरांनी पेढ्यांचा खोका उघडला आणि पहिला पेढा खाली उतरून गोदाकाकूंच्या हातावर ठेवला.

"मला दात नाहीत रे," काकू म्हणाल्या.

"पेढ्याला लागत नाहीत, काकू."

सोमवारी उजाडायच्या आत आमच्या दारापासून वेशीपर्यंत पोत्यांची रांग. पहिलं पोतं कुणाचं असेल? घोरपडेवहिनींचं. वर म्हणतात कशा, "मी फक्त जरा ऊन दाखवायला नेल्या होत्या." वन्संनी त्यांच्या मिरच्यांत एक मूठ लवंगी जास्तीची घातली. ब्लडप्रेशरवाले मालक म्हणे त्या वर्षी पहिल्यांदा बायकोच्या स्वयंपाकाला छान म्हणाले.

होळीनंतर वासूभावजी आले. सोबत यंत्राचं गिऱ्हाईक, पांढरंशुभ्र धोतर नेसलेलं. शेडच्या दारात पाय ठेवला नि दोघांना अशा शिंका लागल्या की यंत्राची किंमत शेवटपर्यंत कुणाला बोलता आली नाही. आत बायकांचा गलका, पट्टा फिरतोय, वन्सं लाल धुरळ्यात उभ्या, डोळे तेवढे दिसतायत.

"वहिनी, निघायचं ना?" भावजींनी डोळे पुसत विचारलं.

"आता? बघताय ना समोर काय ते. मे महिन्यापर्यंत मान वर करायला सवड नाही."

"मग जूनमध्ये?"

"जूनमध्ये यंत्राची डागडुजी असते." वन्संनी मसाल्याचा एक डबा त्यांच्या हातात दिला. "तुमच्या सहा माणसांना वर्षभर पुरेल. स्वयंपाकाला हात हवाय म्हणाला होतात ना, हा घ्या."

भावजी डबा घेऊन गेले. दुसऱ्या वर्षी स्वतःहून दोन डबे मागायला आले.

आणि पुढल्या संक्रांतीला घोरपडेवहिनींनी बोलावणं धाडलं ते खरोखरीच सगळ्यांना. घरात जेवढ्या बायका, तेवढ्यांना. थोडी कुजबुज झाली, दोघी-तिघी आल्या नाहीत, त्यांच्या वाटणीचे लाडू आम्ही खाल्ले. गोदाकाकू पहिल्या रांगेत बसल्या. वन्संना कुंकू लावायला मी गेले तर आधी मान मागं घेतली, मग म्हणाल्या, "लाव, पण ठसठशीत लाव. अर्धवट काही आवडत नाही मला." शेळकेसर तिथंही टेबल टाकून बसले होते, पण प्रश्न विचारायच्या आधी प्रत्येकीला म्हणायचे, "आज कोण आलेलं नाही ते आधी सांगा." पुढं ते मोठे प्राध्यापक झाले. ऐकते, की दरवर्षी नव्या पोरांना पहिल्या दिवशी आमच्या हळदीकुंकवाचीच गोष्ट सांगायचे, स्वतःची फजिती म्हणून.

इथवर सगळं खरं. पण आता कवळीचा प्रश्न आहे, तेव्हा एक सांगूनच टाकते.

तालमीपुढं आमचे हे मोठ्यांदा "खातो" म्हणाले, ते काही तसं झालं नव्हतं. तेवढं मी पदरचं घातलंय. तेलाची वाटी घेऊन आले, मी विचारलं, तर खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "नाही खात. तुला माहीत आहे की." पित्ताचा त्रास ना त्यांना. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ताकभात जेवलेला माणूस. अख्ख्या रांगेत ‘नाही’ म्हणणारा एकच निघाला, आणि तो माझाच नवरा. मी म्हटलं, बाजूला व्हा, मागच्याला येऊ द्या, आणि त्यांना धरलंच नाही. म्हणून तर ते ‘कुणी एक नाही म्हणाला नाही’ इतकं गोड जमलं.

वन्संचा नाही, कारखान्याचा नाही, कुठलाच मसाला त्यांनी जन्मात चाखला नाही. नि आज एक्क्याण्णवाव्या वर्षी समोर ओट्यावर बसून ताकभात कालवतायत. मी आत्ताच त्यांना विचारलं, "अहो, तुम्ही एवढं जगलात ते ताकभातानं का हो?"

हे म्हणाले, "एकट्या माणसावरनं काही ठरत नाही." आणि लोणच्याची फोड बाजूला काढून ठेवली.